लोह आहे, पण उसाला मिळत नाही

प्रश्न : आमची जमीन काळी, खालचा कातळही काळाच. म्हणजे लोह भरपूर. तरी उसाच्या खोडव्यावर (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या पिकावर) केवडा का येतो, पानं पिवळी का पडतात? (वाळवा)

लोह आहेच. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडं साधारण 10 टक्क्यांच्या वर असतात. आडवा येतो तो चुना. कातळ झिजताना सुटलेलं कॅल्शियम निचरा नसलेल्या सपाटीवर साचतं, त्याची चुनखडी होते आणि सामू (पीएच) 8 च्या पुढे जातो. अशा मातीत लोह गंजाच्या रूपात घट्ट बसतं. सामू एकाने वाढला, तर विरघळणारं लोह सुमारे हजारपटीने घटतं. ऊस गवताच्या कुळातला, त्यामुळे लोह धरून आणणारी द्रव्यं मुळांतून सोडतो. पण खोडव्याची जुनी मुळं थकलेली आणि नवी पुरेशी फुटलेली नसतात. म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. भरमसाट पाण्याने बायकार्बोनेट वाढून दुखणं आणखी बळावतं. हिराकस (लोहाचं सल्फेट) नुसतं जमिनीत टाकलं तर त्याचाही गंज होतो. शेणखतात मुरवून द्या. तातडीला 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस मिसळून फवारा. पाणी कमी करा म्हटलेलं आपल्या भागात कुणाला रुचत नाही, तरी म्हणतो.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. आमच्याकडे चुन्याचा डोंगर नाही, मग हा चुना कुठला? (कोरेगाव)

त्याच काळ्या कातळातला. मुळं आणि जिवाणू मातीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, मुरणारं पाणी त्यामुळे किंचित आंबट होतं आणि दगडातलं कॅल्शियम सोडवतं. तापवल्यावर वायू उडतो, चुना कॉइलवर बसतो. जे कॅल्शियम कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोचतं, त्याची शिंपले आणि सूक्ष्म जीव कवचं करतात. हवेतला कार्बन लाखो वर्षांच्या हिशेबात असाच दगडात जातो. कॉइलला व्हिनेगर लावा, प्लग काढून.

प्रश्न : कास पठारावरच किडे खाणारी झाडं का? एखादं रोप आणून कुंडीत लावावं का? (सातारा शहर)

कासवरच असं नाही, जांभ्याच्या इतर सड्यांवर, म्हणजे उघड्या पठारांवरही ती आहेत. तिथे वरच्या प्रश्नातल्या वाळव्याच्या जमिनीच्या उलट कारभार. पावसाने कॅल्शियम, सिलिका धुऊन नेली. उरलं लोह आणि ॲल्युमिनियम, आणि तेच स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतं. नत्रही (नायट्रोजन) तुटपुंजं. मग दवबिंदू नावाचं झाड चिकट केसांवर चिलटं पकडतं, ‘सीतेची आसवं’ या झाडाच्या जमिनीतल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव ओढून घेतात. निळ्या फुलांच्या गालिच्याचे फोटो काढणाऱ्यांना या पिशव्या दिसतच नाहीत. रोप मात्र उपटू नका. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, आणि खत घातलेल्या कुंडीत ते जगायचंही नाही.