लमेटा स्तरातील डायनोसॉर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. मग डायनोसॉरची हाडे विदर्भातच का सापडतात?

काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. तो लाव्हा थिजून तयार झाला आणि तप्त लाव्ह्यात हाडे टिकत नाहीत. डायनोसॉर ज्या भूमीवर वावरले ती या लाव्ह्याखाली गाडली गेली. त्या भूमीवरील नद्या, तळी आणि मृदा यांच्यापासून बनलेल्या खडकांना जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून ‘लमेटा स्तर’ म्हणतात. त्यांचे वय सुमारे ७ कोटी वर्षे आहे. सह्याद्रीकडे लाव्ह्याचे थर अतिशय जाड असल्याने त्यांच्या खाली काय दडले आहे ते दिसतच नाही. पूर्वेकडे हे थर पातळ होत जातात, आणि म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या परिसरातील पिसदुरा व डोंगरगाव येथे लमेटाचे खडक उघडे पडले आहेत.

प्रश्न : येथे कोणकोणते डायनोसॉर होते?

१८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना जबलपूरजवळ मोठी हाडे मिळाली आणि शेपटीच्या मणक्यांवरून जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी १८७७ मध्ये या लांब मानेच्या, अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. लमेटातील हाडे बहुधा सुटी, विखुरलेली मिळतात. अशा एकेका हाडावरून पूर्वी दिली गेलेली अनेक नावे आज टिकत नाहीत. ज्या वैशिष्ट्यांवर टायटॅनोसॉरसची ओळख बेतलेली होती, ती पुढे इतर अनेक प्राण्यांतही आढळली. म्हणूनच डोंगरगावच्या सांगाड्याचे मोल मला फार वाटते. मान, पाठ, खांदा, कंबर असे बरेच भाग एकाच प्राण्याचे मिळाल्यामुळे त्याचे वर्णन भक्कम पायावर उभे आहे, जरी कवटी हाती लागलेली नाही. १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याचे वर्णन केले, आणि २००३ पासून टायटॅनोसॉर गटातील हा शाकाहारी ‘इसिसॉरस’ म्हणून ओळखला जातो. मांसाहाऱ्यांपैकी गुजरातमधील रहिओलीचा ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ सर्वांत प्रसिद्ध आहे. या डायनोसॉरांसोबत कासवे, साप आणि मासेही होते. या लहान प्राण्यांकडे दुर्लक्ष होते, पण तेथे पाणी किती व कसे होते हे सर्वाधिक तेच सांगतात.

प्रश्न : पिसदुऱ्याला अश्मीभूत विष्ठेचा एवढा अभ्यास का होतो?

कारण प्राण्याने काय खाल्ले याचा इतका थेट पुरावा हाडांतून मिळत नाही. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठतात, त्यांचे आकार वनस्पतीनुसार वेगळे असतात आणि पचनानंतरही ते टिकतात. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी व सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेत गवताचे असे कण असल्याचे प्रसिद्ध केले. त्यापूर्वी गवतांचा विस्तार डायनोसॉरांच्या अंतानंतरचा मानला जात असे; येथे तर गवताच्या अनेक प्रकारांचे कण मिळाले. विष्ठा टायटॅनोसॉर गटातील शाकाहाऱ्यांची असावी असा निष्कर्ष त्याच थरांत मिळणाऱ्या हाडांवरून काढला जातो, तेव्हा तो संभाव्य म्हणूनच वाचावा. गवताचा पुरावा मात्र त्यावर अवलंबून नाही.

प्रश्न : अंडी इतक्या मोठ्या संख्येने कशी टिकली?

लमेटाच्या मृदेत चुन्याचे प्रमाण भरपूर होते आणि अंड्याचे कवचही चुनखडीयुक्त असते. अशा मृदेत ते विरघळत नाही. टायटॅनोसॉर माद्या उथळ खड्ड्यांत अंडी घालून ती मातीने झाकत असाव्यात. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून २०२३ मध्ये ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली. घरटी इतकी जवळजवळ आहेत की अवाढव्य माद्यांना त्यांच्यामध्ये वावरणे कठीण होते, त्यामुळे पिलांचे संगोपन होत नसावे असे संशोधकांना वाटते. गुजरातच्या ढोली डुंगरी येथील एका घरट्यात एका अंड्याला विळखा घातलेला, सुमारे ३.५ मीटर लांबीचा साप आणि जवळच डायनोसॉरचे एक पिलू असे एकत्र जीवाश्म मिळाले. २०१० मध्ये या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले. प्राण्यांचे परस्परसंबंध इतक्या स्पष्टपणे दाखवणारे जीवाश्म जगात फार थोडे आहेत.

प्रश्न : शेतात हाडासारखा दगड सापडला तर काय करावे?

तो उकरून काढू नये. आहे तेथेच मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, जागेची अचूक नोंद करावी आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास कळवावे. हाड कोणत्या थरातून आले हे एकदा हरवले की त्याचे वय आणि परिसर ठरवण्याचा आधारच जातो, आणि प्रयोगशाळेत तो परत मिळत नाही.