दहावीला ८४ टक्के, अकरावीत तीन विषय राहिले

‘मॅडम, पोर हुशार शे, मंग मार्क काबर कमी पडतस?’ धुळ्यात समुपदेशन करताना शिरपूर, साक्री, शहादा, नवापूरकडून आलेल्या आदिवासी पालकांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो जरा थांबून, आवाज खाली करून येतो: आमच्या समाजाच्या पोरांना सायन्स झेपतच नाही का?

झेपतं. मग मार्क जातात कुठे, हे सांगण्यासाठी एका मुलीची गोष्ट लिहिते. तिची आणि घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरची भिल कुटुंबातली मुलगी. आई अंगणवाडी सेविका, वडील मिळेल ते काम करणारे. दहावीला ८४ टक्के पडले म्हणून हौसेनं शहरात सायन्सला घातली. सहामाहीत तीन विषय राहिले. वडिलांचं म्हणणं, मोबाईलनं वाटोळं केलं. मामा म्हणाले, ‘साक्रीकडच्या सामोड्याचे राजेंद्र भारुड, आपल्याच भिल समाजातले, कलेक्टर झाले, तुला काय धाड भरली?’

मी तिच्या उत्तरपत्रिका मागवल्या. फिजिक्सच्या पेपरात एक गणित पूर्ण सोडवलेलं होतं, उत्तर बरोबर होतं, आणि त्यावर पट्टी धरून आडवी रेघ मारलेली होती. केमिस्ट्रीतही दोन ठिकाणी तसंच. असं का केलंस, विचारलं. ती म्हणाली, ‘मला आलं म्हणजे काहीतरी चुकलंच असणार.’

गावच्या शाळेत जी मुलगी फळ्यावर गणित सोडवायला स्वतःहून उठायची, तिच्या डोक्यात हे कुठून आलं? दोन-तीन भेटींनंतर ती बोलायला लागली. खोली शोधताना घरमालकिणीनं आडनाव विचारलं. आमच्याकडे आडनावातच समाज कळतो. आडनाव सांगितलं आणि काल रिकामी असलेली खोली आज भरलेली निघाली. मग वर्गात एके दिवशी सरांनी शिष्यवृत्तीची यादी वाचली आणि ‘एसटीवाले उभे राहा’ म्हणाले. पाच जण उभे राहिले. मागून कुणीतरी ‘सवलतवाले’ म्हणालं, वर्ग हसला. त्यानंतर तिनं शंका विचारणं सोडलं. ‘विचारलं आणि सोपं निघालं तर म्हणतील, बघा, हिला एवढंही येत नाही.’ प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत ती गप्प राहिली तीही याच भीतीनं.

इथे मी पालकांना एक प्रयोग सांगते, कारण ‘मनाला लावून घेतेय पोर’ असं त्यांना वाटत असतं. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वरच्या जातींची ३२१ आणि खालच्या मानलेल्या जातींची ३२१ शाळकरी मुलं घेतली आणि त्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच. नाव, गाव, वडील-आजोबा आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली, की खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरलेली दिसली. दोन्ही वेळची मुलं एकसारखीच निवडलेली होती, कोडी तीच होती. सरांनी यादी वाचली तेव्हा आमच्या मुलीच्या वर्गात वेगळं काय घडलं?

डोक्यात एकाच वेळी दोन कामं चालू असतात. एक गणिताचं, दुसरं ‘आपण चुकलो तर अख्ख्या समाजाला बोल लागेल’ याची राखण करण्याचं. दुसऱ्या कामात ताकद गेली की पहिल्याला उरत नाही. मामांच्या भारुड साहेबांच्या दाखल्यानंही तेच झालं. तो माणूस आम्हा खान्देशवाल्यांच्या अभिमानाचा आहेच, पण ‘तो झाला, तू का नाही’ असं म्हटलं की मुलीच्या डोक्यावरचं ओझं वाढतं.

बाहेरच्या समाजातला भेद मार्कांपर्यंत दुसऱ्या वाटेनंही पोचतो. ब्रिटनमध्ये वेस्ट इंडीजमधून आलेल्या कुटुंबांची मुलं शाळेत मागे का, हे पाहायला नेमलेल्या स्वान समितीनं १९८५ साली अहवाल दिला. बुद्धीच कमी, हा तर्क तिनं फेटाळला. समाजातल्या वंशभेदामुळे या कुटुंबांच्या वाट्याला वाईट घरं आणि वाईट नोकऱ्या येतात आणि त्याचा फटका मुलांच्या शिक्षणाला बसतो, असं सांगून वर शाळेच्या आतल्या पूर्वग्रहाकडेही तिनं बोट दाखवलं. सातपुड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या पोरांकडे पाहा. दिवाळीनंतर शाळा सुटते ती होळीपर्यंत. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती आणि नंदुरबारची ६४. आमची मुलगी त्यातून निसटून वर्गापर्यंत पोचली, आणि वर्गात दुसरी गोष्ट तिची वाट पाहत होती.

मी कॉलेजात गेले. सर रागावले नाहीत, गोंधळले. ‘मी तर त्यांच्या फायद्याचंच सांगत होतो.’ मला ते खोटं वाटलं नाही. पूर्वग्रह वाईट माणसातच असतो असं नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका अभ्यासात उत्तरपत्रिकांवर जात चिठ्ठ्या टाकून, म्हणजे मुलाची खरी जात न पाहता, लिहिली होती, तरी खालची जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले, आणि ते मुख्यतः खालच्या जातींच्याच शिक्षकांकडून. ही समजूत सगळ्यांच्याच अंगात भिनलेली आहे, आपल्याही. म्हणून मी सरांकडे एकच मागणं ठेवलं: यादी वर्गात वाचायची नाही, ज्याचा त्याला निरोप द्यायचा. प्राचार्यांनी ते मान्य केलं. हसणाऱ्या मुलांशी मात्र कुणी बोललं नाही, आणि ते मला आजही खटकतं.

आईला मी दोन गोष्टी सांगितल्या. ‘दुर्लक्ष कर’ म्हणायचं नाही, कारण त्यानंतर मुलगी घरी सांगणंच बंद करते. आणि फोनवर मार्क विचारण्याआधी ‘आज वर्गात कोण काय म्हणालं?’ हे विचारायचं. मुलीबरोबर आम्ही एक नियम केला: पेपरात लिहिलेलं खोडायचं नाही, शंका आली तर खाली दुसऱ्यांदा सोडवायचं. त्याच कॉलेजात बारावीला असलेल्या पावरा या आदिवासी समाजातल्या दोन मुलींशी तिची गाठ घालून दिली. आता त्या तिघी एका खोलीत राहतात.

सगळं जातीवर ढकलू नये, हेही पालकांना मी स्पष्ट सांगते. मराठी माध्यमातून एकदम इंग्रजी पुस्तकावर आल्याची अडचण खरी होती, तिच्यासाठी वेगळी शिकवणी लागली. वार्षिक परीक्षेत ती सगळ्या विषयांत पास झाली. फिजिक्सला जेमतेम, आणि त्यावर तिची सध्या मेहनत चालू आहे.