बडोद्यात पुराआधी सोसायटीने तयारी कुठून सुरू करावी?

तुम्ही विचारलंय, की पुण्याहून बडोद्याला येऊन वर्षच झालंय, समा भागात तळमजल्यावर भाड्याने राहता, घरात गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई आहेत आणि सोसायटीत सगळे "पाणी आलं की बघू" म्हणतात. तर तयारीला हात कुठून घालायचा?

मी जन्माने दांडिया बाजारची, लग्नानंतर कारेलीबागेत आले. 2019 आणि 2024 हे दोन्ही पूर याच घरात काढले. आधी थोडक्यात सांगते: सामान जमवण्याच्या आधी माणसांची यादी करा. आणि यादीसाठी नवी समिती वगैरे काढत बसू नका, गणपतीच्या वर्गणीचं पावती-पुस्तक हातात घ्या.

असं का म्हणते ते सांगते. 31 जुलै 2019ला दिव्याच्या अवसेच्या सुमारास शहरात एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस पडला. आमच्याकडे दोर होता, टॉर्च होते, धडधाकट मुलं होती. पण मागच्या विंगमधले एक काका-काकू मुलाकडे गेलेत, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. ते घरीच होते. दोघांनी अख्खी रात्र स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून काढली. काकांचं इन्सुलिन बंद फ्रिजमध्ये, फ्रिज पाण्यात. सकाळी दूधवाल्याने आवाज ऐकला म्हणून कळलं. आमच्यातलं कुणीही वाईट नव्हतं हो, पण त्या दारावर थाप मारणं हे कुणा एकाचं काम नव्हतं, म्हणून ते कुणीच केलं नाही. त्या काकूंचा चेहरा आठवला की आजही माझ्या घशात आवंढा येतो.

त्याच वर्षी वर्गणीला मुलं निघाली, तेव्हा मी त्यांना म्हटलं, पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार गोष्टी लिहून आणा: घरात माणसं किती, जिना चढता न येणारं कोण, रोजचं औषध किंवा विजेवर चालणारं मशीन कोणतं, आणि गावाबाहेरच्या एका नातेवाइकाचा नंबर. वेगळा सर्व्हे म्हणून गेलं असतं, तर अर्ध्या लोकांनी दारातूनच परत पाठवलं असतं. वर्गणीला मात्र मराठी-गुजराती प्रत्येक घर दार उघडतं, वर चहाही विचारतं. शेजारच्या बेन त्याला "फाळो" म्हणतात, एवढाच काय तो फरक. राहिलेलं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भरून निघतं. कुणाची मांडीची शस्त्रक्रिया झाली, कुणाच्या सुनेला सातवा लागलाय, हे बायकांना आधीच ठाऊक असतं. फक्त ते कागदावर यायला हवं.

यादी झाली की दुसरं काम. तळमजल्याच्या प्रत्येक घराला त्याच जिन्यावरच्या वरच्या मजल्याचं एक घर जोडून द्यायचं. आम्ही त्याला "दार वाजवणारा" म्हणतो. सूचना आली की त्याने खाली जायचं, दार वाजवायचं, आत माणूस डोळ्यांनी बघायचं आणि वर घेऊन यायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर भिस्त ठेवू नका. वीज गेली की फोन उतरतात आणि नेटवर्कही जातं. आणि जोडी एकाच जिन्यावरचीच हवी, कारण गुडघाभर पाणी झालं की समोरची विंगसुद्धा परगाव होते.

आता नदीबद्दल, कारण पुण्याहून आलेल्यांना बडोद्याचा पूर वेगळा वाटतो. विश्वामित्री पावागडाकडून येते. वर आजवा सरोवर आहे. सयाजीरावांनी शहराला पाणी मिळावं म्हणून ते 1890च्या दशकात तयार करवलं, आणि आज पावसाळ्यात आपण त्याचीच पातळी बघत असतो. त्याला 62 दरवाजे आहेत. ठरावीक पातळीच्या वर पाणी आलं की ते खाली वाहू लागतं आणि काही तासांनी शहरात पोचतं. पुढे विश्वामित्री ढाढरला मिळते. ढाढरच फुगलेली असेल, तर आपलं पाणी पुढे सरकत नाही, गावातच तुंबून राहतं. म्हणून हे मनात पक्कं बसवा: शहरातला पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असं नाही. 2024ला हेच झालं. 26 ऑगस्ट, गोकुळाष्टमी, धो-धो पाऊस. नंतर तो ओसरला, लोक हुश्श म्हणून झोपले, आणि पाणी चढतच राहिलं. काळा घोडा पुलाजवळ धोक्याची पातळी 26 फूट आहे. त्या वेळी नदी 37 फुटांच्या आसपास गेली.

हा काळा घोड्याचा आकडा बातम्यांत येतोच, पण तुमच्या गल्लीत त्याचा अर्थ काय, हे तुम्हालाच शोधावं लागेल. जुन्या रहिवाशांना विचारा, कोणत्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, आणि फाटकाच्या खांबावर ऑइल पेंटने खुणा करा. आमच्याकडे पाणी आधी रस्त्याने येत नाही. मागच्या गटाराच्या झाकणातून आणि तळमजल्याच्या मोऱ्यांतून उलटं येतं. काळा घोड्याच्या कोणत्या आकड्याला हे सुरू होतं, ते आम्ही दोन पुरांनंतर ओळखलंय, आणि त्याच्या दोन फूट आधीच दारं वाजवायला निघतो. मोरीच्या जाळीवर प्लास्टिक, त्यावर वाळूची पिशवी, त्यावर वीट. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

2024ला हे सगळं उपयोगी पडलं. गणपती दहा-बारा दिवसांवर होते, त्यामुळे मंडपाचे बांबू, सुतळ्या, ताडपत्र्या, लाउडस्पीकर सगळं आधीच येऊन पडलं होतं. अंधार पडायच्या आत तळमजला रिकामा झाला. गाड्या पुलावर नेऊन लावल्या. गच्चीवरच्या टाक्या वीज असतानाच भरून घेतल्या. ते काका आमच्या घरी होते, इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेली.

आणि तरीही आम्ही चुकलो, तेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. रात्री नऊच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की फाटकाशेजारच्या खोलीतलं वॉचमनचं कुटुंब यादीत नाही. का नाही? कारण ते वर्गणी देत नाहीत. ज्यांच्या नावाने पावती फाटत नाही, ते आमच्या वहीत नव्हतेच. आणि त्यांची खोली सोसायटीतली सगळ्यात खोलगट जागा! मुलं दोर बांधून गेली, बाळाला प्लास्टिकच्या टबात घालून आणलं. सगळे सुखरूप वर आले, पण ती पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. आता वहीचं पहिलं पान त्यांच्यासाठी असतं: वॉचमन, पेइंग गेस्ट मुलंमुली, एकट्या राहणाऱ्या नर्सबाई. आणि आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायका, ज्यांची घरं कोतराच्या, म्हणजे नदीच्या घळीच्या, काठाला आहेत. त्यांना काळा घोड्याचा आकडा फोनवर कळवायचा आणि मुलाबाळांसकट इकडे या म्हणून सांगायचं, हे आता ठरलेलं काम आहे.

सामानाचं फार सांगत नाही. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, आठवड्याची औषधं, टॉर्च, शिट्टी, दशम्या, थेपले, चिवडा, प्यायचं पाणी. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि सिलिंडर बांधून ठेवा, तो तरंगतो. पाणी घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद करा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा. मीटरच्या पेट्या खाली असतील, तर त्या वर घेण्याचा खर्च सोसायटीच्या सभेत या उन्हाळ्यातच मांडा. त्यावर वाद होईल, पण मागे हटू नका.

पाण्यात उतरायचं धाडस कुणाला करू देऊ नका, विशेषतः रात्री. या नदीत मगरी आहेत आणि पुरात त्या गल्ल्यांत येतात, ही अतिशयोक्ती नाही. दिसली तर दगड मारू नका, लांब राहा, वनखात्याला कळवा. मदतीसाठी 112, 108, अग्निशमन दलाचा 101 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर जिन्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. एनडीआरएफची 6वी बटालियन इथून जवळच जरोदला आहे, पण शहरभर पाणी असताना बोटी मोजक्याच असतात. तेव्हा "कोण, कुठल्या मजल्यावर, चालता येतं का" हे वही उघडून सांगता आलं, तर त्यांचा आणि आपला वेळ वाचतो.

पाणी उतरल्यावर खालची टाकी उपसून, घासून, क्लोरीन टाकल्याशिवाय वापरू नका. चिखल काढताना बूट घाला. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा, लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, भीती असते. बुडालेली गाडी सुरू करून बघू नका, आधी फोटो काढा आणि विमावाल्यांना कळवा.

तुमच्यासाठी आता एवढंच. या रविवारी तुमच्या जिन्यावरच्या दुसऱ्या मजल्याच्या घरी सासूबाईंना घेऊन चहाला जा. त्यांना एक-एक पायरी चढायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. आमच्या एका आजींना दोन मजल्यांना बावीस मिनिटं लागली, म्हणून त्यांना आता सगळ्यांत आधी हलवतो. तिथेच विचारा, पाणी आलं तर एक खाट मिळेल का? नाही म्हणणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. आणि वर्गणीचं पुस्तक मागून बघा. तुमच्या घरापुढे बहुतेक घरमालकाचं नाव असेल. त्याखाली तुमची नावं लिहून घ्या, सासूबाईंचं आधी.