अमेरिकेत विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा खर्च विद्यार्थ्यांच्या कर्जातून भागतो का?

हो, बऱ्याच विद्यापीठांत काही भाग तरी भागतो, आणि मुलाला सामन्यांची आवड नसली तरी ते पैसे फीमधून भरावेच लागतात. फीचे तक्ते विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर असतात, तिथे बघा. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यामागे वर्षाला २००० डॉलरहून जास्त रक्कम खेळांकडे जाते. बिलात ती सहसा दिसत नाही, कारण ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह फी’ या एकाच ओळीत आरोग्य, बस अशा इतर सेवांसोबत ती मिसळलेली असते. ही फी सक्तीची असल्यामुळे कर्जातून भरता येते. म्हणजे चार वर्षांचे ८००० डॉलरहून जास्त आणि वर व्याज. स्टेडियममध्ये विद्यापीठाचा जांभळा टीशर्ट घालून ओरडणाऱ्या मुलाला ‘विद्यार्थ्यांना तिकीट फुकट’ वाटतं, पण त्याचे पैसे पदवीनंतर कित्येक वर्षं तोच फेडत असतो. हे मला सरळ अन्यायाचं वाटतं.

मात्र सगळीकडे असं नाही. ओहायो स्टेटसारखी बडी विद्यापीठं तिकिटं, देणग्या आणि टीव्हीच्या पैशांवर खेळ चालवतात. आपल्याकडून जाणाऱ्या मुलांना अमेरिकेचं सरकारी कर्ज मिळत नाही, इथल्या बँकेचं किंवा एखाद्या खासगी संस्थेचं काढावं लागतं. त्यामुळे कर्जाचा आकडा ठरवण्याआधी या फीची फोड विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या.