‘संगमरवरी’ म्हणजे थंड नव्हे

प्रश्न असा आला आहे: ग्रीक शिल्पांवरच्या लेखांत ‘संगमरवरी दगड’ असं लिहिलेलं दिसतं, ते बरोबर का? आणि ‘संगमरवरी चेहरा’ म्हणजे भावशून्य चेहरा, हा अर्थ कुठून आला?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ‘संगमरवरी दगड’ म्हणजे पिवळा पीतांबर. फारसीत ‘संग’ म्हणजेच दगड, म्हणून पाथरवट तो संगतराश. संगमरवर हे नाम, संगमरवरी हे विशेषण. पुतळा संगमरवरी म्हणा, नाहीतर संगमरवराचा म्हणा. ‘दगड’ आधीच आत बसलेला आहे.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझं डोकं फिरतं, कारण हा वापर रोज कानावर पडतो. मख्ख चेहऱ्यासाठी मराठीत ‘मख्ख’ आहे, ‘ठोकळा’ आहे, ‘दगडी’ही आहे. त्यासाठी संगमरवराला कशाला ओढता? या शब्दाच्या पोटात काय आहे ते बघा.

फारसी संग-ए-मर्मर. त्यातला ‘मर्मर’ मूळचा ग्रीकांचा: ‘मार्मारोस’. त्याला अगदी लागून क्रियापद आहे ‘मार्माइरो’, म्हणजे लखलखणं, चमचमणं. होमरच्या इलियड या महाकाव्यात चौदाव्या सर्गात समुद्राला विशेषण लावलंय ते याच घराण्यातलं: उन्हात चमकणारं पाणी. तेव्हा आपण ‘संगमरवर’ म्हणतो तेव्हा ‘लखलखता दगड’ म्हणत असतो. तुर्कस्तानातल्या मार्मारा समुद्राचं नावही त्यातल्या संगमरवराच्या खाणींच्या बेटावरून पडलं.

काही व्युत्पत्तिकार इथे नाक मुरडतात. त्यांच्या मते ‘मार्मारोस’ आधी नुसता धोंडा होता, त्याचं नातं झुंजणं-चिरडणं अशा अर्थाच्या क्रियापदाशी, आणि चमक त्याला मागाहून चिकटली. पुरावा म्हणून इलियडच्याच बाराव्या सर्गात आयास या ग्रीक वीराने शत्रूच्या डोक्यात घातलेला खडबडीत ‘मार्मारोस’ दाखवतात. दाखवोत. मागाहून चिकटली म्हणून चमक खोटी ठरत नाही. ज्या ग्रीकांनी हा दगड खाणीतून काढला, घासला, त्याच्यातून माणसं घडवली, त्यांच्या कानाला हे दोन शब्द एकच वाटत होते, आणि मला तेवढं पुरतं. शिवाय ‘मार्माइरो’चं नातं आपल्या ‘मरीचि’शी, म्हणजे किरणाशी, जुन्या भाषाशास्त्रज्ञांनी जोडलेलं आहे. मी ते मनापासून मानतो. ‘मर्मर’ म्हणजे पानांची सळसळ, त्यावरून संगमरवर, असं सांगणाऱ्यांनी दगडाला कधी सळसळताना ऐकलंय का, ते कळवावं.

आणि जिभेची गंमत! ‘मर-मर’ असा दुहेरी उच्चार पुष्कळांना झेपलेला नाही. लॅटिन ‘मार्मोर’चं फ्रेंचांनी ‘मार्ब्र’ केलं, इंग्रजांनी त्यातला दुसरा ‘र’ पालटून ‘मार्बल’ केलं, आणि आपण दुसऱ्या ‘म’चा ‘व’ करून ‘मरवर’. एकाच अडखळण्याच्या या तीन तऱ्हा.

आता चमकेचं म्हणाल तर घरच्या संगमरवरी देव्हाऱ्याच्या पातळ कडेला मागून मोबाइलचा टॉर्च लावा. कड आतून उजळेल. उजेड स्फटिकांत शिरतो, थोडा आत फिरतो आणि मऊ होऊन बाहेर येतो. त्वचेचंही असंच असतं, म्हणून या दगडाचा खांदा खांद्यासारखा दिसतो. ग्रीसमधल्या पारोस बेटावरचा सर्वांत नावाजलेला संगमरवर जमिनीखाली दिव्यांच्या उजेडात खणत, म्हणून त्याला दिव्यावरूनच ‘लिख्नितीस’ म्हणत, असं प्राचीन रोमन लेखक प्लिनी सांगतो. नावातही उजेडच.

त्याच पारोसच्या दगडातली सामोथ्रेसची नीकी, म्हणजे विजयदेवता, पॅरिसच्या लूव्हरमध्ये जिन्याच्या माथ्यावर उभी आहे. 1863 मध्ये सापडली. तिला डोकं नाही, हात नाहीत. तरी समोरून येणारा वारा तिच्या अंगावर दिसतो: पोटावर वस्त्र ओलं होऊन असं चिकटलंय की बेंबीचा खळगा कळतो, आणि मांड्यांच्या मधे तेच वस्त्र जाड चुण्यांनी फडफडतंय. चेहराच नसलेल्या बाईत एवढा जीव, आणि आम्ही ‘संगमरवरी’चा अर्थ लावतो निर्जीव!

जाता जाता एक. ग्रीक शिल्पकार मायरनचा थाळीफेक्या ‘मूळ संगमरवरी’ नाही, तो कांस्याचा होता. आपण बघतो त्या रोमन नकला. त्याच्या पायाशी झाडाचा बुंधा दिसतो ना, तो त्या नकलाकारांनी घातलाय, कारण कांस्य जे वजन घोट्यावर पेलतं ते संगमरवराला पेलवत नाही. आणि आपले शिल्पकार म्हात्रे यांची ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरची आहे. पांढरं दिसलं की संगमरवरी म्हणू नका. तिच्यावर उजेड पडतो, आत शिरत नाही.