होमब्रूइंग रिगचा (घरी बीअर बनवायच्या सेटअपचा) बर्नर अचानक मंद जळतोय, गॅस व्हॉल्व्ह गेला का?
अमेरिकेतला २० पौंडी प्रोपेन सिलिंडर आणि तो झटकन उघडला की ज्योत बारीक, असं लिहिलंय तुम्ही, तर व्हॉल्व्ह बदलायची घाई नका करू. रेग्युलेटर सिलिंडरला जोडणाऱ्या कनेक्टरमध्ये सेफ्टी असते, गॅस एकदम सुटला की ती लीक समजून फ्लो दाबून टाकते. बर्नर, सिलिंडर दोन्ही बंद करा, रेग्युलेटर काढून एक-दोन मिनिटं थांबा, परत लावा, मग आधी सिलिंडर अगदी हळू उघडा आणि मगच बर्नर. तरी ज्योत मंद किंवा पिवळी असेल तर बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं बघा, खरंच असतं! जॉइंटला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवूच नका. आणि बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.