शारजामधील ‘ज’ आला कोठून?

प्रश्न : सचिन तेंडुलकरच्या १९९८ मधील दोन शतकांमुळे ‘शारजा’ हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले. तेथील अरबी फलकांवर मात्र ‘अश्-शारिक़ा’ असे लिहिलेले दिसते. मूळ नावात ‘ज’ नसताना तो आला कोठून? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हा ‘ज’ परक्यांच्या चुकीतून आलेला नाही; तो तेथील बोलीतलाच आहे. अरबीतील ‘क़ाफ’ या अक्षराचा प्रमाण उच्चार जिभेचा मागचा भाग पडजिभेकडे टेकवून, म्हणजे आपल्या ‘क’च्याही मागे होतो, परंतु बोलीगणिक तो पालटतो. ‘हृदय’ या अर्थाचा ‘क़ल्ब’ हा शब्द कैरोत आणि दमास्कसमध्ये ‘अल्ब’ असा ऐकू येतो, कारण तेथे क़ाफच्या जागी कंठात श्वास क्षणभर अडवला जातो, एवढेच. आखाती देशांत आणि सुदानमध्ये ‘गल्ब’ म्हणतात, तर ट्यूनिस शहरात मूळ उच्चार टिकून आहे. पॅलेस्टाइनमधील काही खेड्यांत हृदयाला ‘कल्ब’ म्हणतात, आणि प्रमाण अरबीत ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा! तरीही घोटाळा होत नाही, कारण त्या खेड्यांत कुत्र्याचा ‘चल्ब’ झालेला असतो.

आता शारजाकडे वळू. आखाती बोलींतील हा ‘ग’ अनेक शब्दांत ‘इ’ स्वराच्या शेजारी आला की जीभ पुढे, टाळूकडे सरकते आणि ‘ज’ उमटतो. मित्र या अर्थाचा ‘रफीक़’ तेथे ‘रिफीज’ होतो आणि ‘शारिक़ा’ची ‘शारजा’ होते. ‘इ’चा असा प्रभाव आपल्याला नवा नाही : ‘माझा’ आणि ‘माझी’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहिल्यास दुसऱ्या शब्दातील ‘झ’ टाळूकडे ओढला गेल्याचे चटकन जाणवेल.

गंमत अशी की, अरबीत ज्याला खरोखर ‘ज’चे अक्षर म्हणतात त्या ‘जीम’चा उच्चार याच किनाऱ्यावर पुष्कळदा ‘य’ होतो. तेथे मशिदीला ‘मस्यिद’ आणि कोंबडीला ‘दियाय’ म्हणतात. कैरोत त्याच जीमचा ‘ग’ होतो, म्हणून इजिप्तचे अध्यक्ष नासर हे मायदेशी ‘गमाल’ होते, ‘जमाल’ नव्हे.

अरबीत लिहिताना मात्र सर्वत्र प्रमाण भाषेचे वळण पाळले जाते. त्यामुळे शारजाच्या फलकावर क़ाफ कायम राहिला आणि रोमन लिपीत, व तेथून मराठीत, कानाने टिपलेला ‘ज’ उतरला.